हुशारी म्हणजे किती

अश्विनी कड्याच्या टोकाशी उभी होती. डाव्या हातावर सात दिवसांचं पोर, उजव्या हातात मोबाइल. पोराच्या अंगात नुसतं झबलं. टोपरं कातळावर पडलं होतं आणि वाऱ्याने सरकत होतं. तिच्या पायांपुढे हातभर दगड होता, त्याच्यापुढे दरी.

आमच्या कुडपणात मोबाइलला रेंज त्या कातळावरच येते. सगळा गाव तिथे जाऊन बोलतो, पण टोकाशी कोणी जात नाही. सकाळी मी उठले तर सून जागेवर नाही, पोर नाही, दाराची कडी उघडी. गोठ्यात बघितलं, न्हाणीत बघितलं, विहिरीत वाकून बघितलं. विहिरीत वाकताना मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही.

मग कातळावर आले आणि तिच्या मागे दहा पावलांवर थांबले. हाक मारली नाही. दचकून वळली असती तर पाय कुठे पडला असता? मी आयुष्यात तीन घोणशी मारल्या, कधी मागे हटले नाही. त्या सकाळी ती दहा पावलं मला टाकता येईनात.

ती फोनवर हसत होती. पोराला ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"साधा नाय माझा मुलगा. सगळं समजतंय त्याला. मी ऊन दाखवायला आणला, तर खाली बघून हसला. खूप हसला, मॅडम. त्याला खाली जायचंय."

फोनमधून आवाज आला. रोजच्यासारखाच, सावकाश.

"खूप म्हणजे किती?"

तो आवाज नलिनी मॅडमचा होता. पुढचं सांगण्याआधी या बाई कोण ते सांगायला हवं, नाहीतर त्यांनी तिथे काय केलं ते कळायचं नाही.

महाडच्या बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन महाडला आलेल्या, साठीला टेकलेल्या. ठेंगण्या, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात. साडी सुती आणि नेहमी चुरगळलेली. खोलीत खुर्ची नव्हती. एक मोठी चटई आणि भिंतीवर घड्याळ. "खुर्चीवर बसलं की माणूस पाहुण्यासारखं बोलतं," म्हणायच्या. खालून चहा मागवायच्या, बिनसाखरेचा, आणि प्यायला विसरायच्या. घोट घ्यायच्या तेव्हा तो गार झालेला असायचा. दर वेळी तोंड वाकडं करायच्या, जसं काय हे पहिल्यांदाच घडलंय.

अश्विनीला बायपोलर नावाचा आजार आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मुंबईत निघाला. चढली की आठ-आठ दिवस झोप नाही, बोलणं थांबत नाही, शेजाऱ्यांना उठवून जेवायला वाढते. उतरली की दोन महिने भिंतीकडे तोंड. लग्नाआधी एकदा झालं होतं, ते तिच्या बापाने आमच्यापासून लपवलं. मला राग आला होता, पुष्कळ दिवस होता. मग तिला दिवस गेले. तिला आई नाही, त्यामुळे माहेरी बाळंतपण करणारं कोणी नव्हतं. मुलगा संतोष मुंबईत वॉचमनची नोकरी करतो, त्याने तिला माझ्याकडे गावी आणून सोडलं. महाडला आठवड्यातून एकदा मनाचे डॉक्टर येतात. पोटात बाळ म्हणून त्यांनी एक गोळी बदलली, एक ठेवली, आणि म्हणाले, नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, नलिनी मॅडमकडे दर आठवड्याला जा.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "तुम्ही काय औषध देता?"

"औषध डॉक्टर देतात. मनाने त्यातली एकही बंद करायची नाही. मी दिवसाचं बघते."

"दिवसाचं बघायला दाई हाय आमची," मी म्हटलं. "पाचवा लागलाय. पोर नीट हाय म्हणाली."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. अश्विनीही हसली. महिन्याभरात मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. मग मॅडमनी चौकटीची वही काढली. गणिताला असते तसली. "ते दिवस नाहीत, मावशी. हा रोजचा दिवस. ही उठते किती वाजता, माणसाशी पहिलं बोलते किती वाजता, जेवते किती वाजता, झोपते किती वाजता. या चार खुंट्या. रोज एकाच जागी. दिवस त्यांच्यावर टांगलेला राहिला की मन खाली पडत नाही. लिहिता येतं ना तुम्हाला?"

"चौथी शिकलेय."

"मग वही तुमच्याकडे. जितके तास झोपली तितक्या चौकटी काळ्या करायच्या."

तेव्हापासून मी दर मंगळवारी तिला जीपने खाली नेत होते. चटईवर बसून तिची पाठ दुखायची. भिंतीला टेकून बसली तर भिंत ओली. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही हिच्या मागे बसा. पाठीला पाठ नको, छातीला टेकू दे." म्हणून पुढचे चार महिने मी सुनेच्या मागे पाय पसरून बसले आणि ती माझ्यावर रेलून मॅडमशी बोलली. मी पोटच्या पोराला असं कधी घेऊन बसले नव्हते. पाय बधिर व्हायचे. कुरकुर केली तर मॅडम म्हणायच्या, "फी घेत नाही तुमच्याकडून, तक्क्याचं काम तरी करा."

त्यांचं एकच हत्यार होतं. ती म्हणाली, मला खूप वाईट वाटतं, की यांचं ठरलेलं, "खूप म्हणजे किती?" ती म्हणाली, रोज भीती वाटते, की, "रोज म्हणजे कधी? जेवणाआधी की नंतर?" मला आधी चीड यायची. बाजारात भाजी घेतल्यासारखं काय विचारतात? पण विचारलं की अश्विनी थांबायची, डोळे वर करून आठवायची, आणि आठवता आठवता तिचा श्वास खाली यायचा. तेवढ्यासाठीच त्या विचारायच्या हे मला फार उशिरा कळलं.

सातव्या महिन्यात एका मंगळवारी अश्विनी म्हणाली, "मॅडम, मी पोराला काय केलं तर?"

मी मागून तिचं तोंड दाबायला गेले. "असं बोलू नये गो. भरल्या पोटी असं बोलतात?"

मॅडमनी माझा हात बाजूला केला. "बोलू दे. काय करशील असं वाटतं?"

तिने सांगितलं. पाण्याचं सांगितलं, उंचीचं सांगितलं. मी तिच्या मागे होते, तिचं काळीज माझ्या छातीवर आपटत होतं, की माझं तिच्या पाठीवर, कळत नव्हतं. मॅडम सगळं ऐकून म्हणाल्या, "होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. पण व्हायच्या आधी काय काय होतं ते आपण लिहून ठेवू शकतो. तुला ठाऊक आहे ते. गेल्या वेळी सगळ्यात आधी काय झालं?"

तिने आठवून सांगितलं आणि मॅडमनी तिच्याच शब्दांत लिहिलं. झोप नको वाटते. भांडी घासलेली असली तरी परत घासावीशी वाटतात. गाणी सुचतात. सगळ्यांना फोन करावेसे वाटतात. तो कागद मी फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी फोन करायचा, असं ठरलं. बाळंतपणानंतर रोज सकाळी मी कातळावर जाऊन मॅडमना फोन करायचा. रात्री पोराला मी बघायचं, काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने मी पाजायचं, आणि तिने सलग झोपायचं. झोप ही तिची अर्धी गोळी आहे, मॅडम म्हणायच्या.

जाताना मी दारात विचारलं, "मॅडम, तुम्हाला भीती नाय वाटत असलं ऐकून?"

"वाटते ना. मला तुमच्या घाटाचीसुद्धा वाटते." ते खरं होतं. आमचं घर बघायला एकदा वर आल्या होत्या, तर नाकाला लिंबू लावून, डोळे मिटून, आणि तरी दोनदा जीप थांबवावी लागली. गाडीत त्यांचा डोळा कधी लागायचा नाही. भीतीने. "भ्यायला हरकत नाही, मावशी. कशाला भितो ते नीट सांगता आलं पाहिजे."

अश्विनी महाडला बाळंत झाली. मुलगा. मॅडमचं म्हणणं होतं की पंधरा दिवस महाडमध्येच राहा, डॉक्टर जवळ आहेत, मीही आहे. माझी चुलत बहीण तिथे होती, ती हो म्हणाली होती. मी नाही म्हटलं.

"पाचवी घरची लागते आमच्यात."

मॅडमनी थोडा विचार केला. "बरं. पूजा करा आणि लगेच निजवा हिला."

त्यांच्या घरची पाचवी म्हणजे पूजा, हळदीकुंकू आणि नऊला दिवे बंद. आमची पाचवी म्हणजे रात्रभर जागवायची. सटवाई येते, पोराच्या कपाळावर नशीब लिहिते. आईने पोर मांडीवर घेऊन उजाडेपर्यंत बसायचं, वाडीतल्या बायकांनी गाणी म्हणायची. हे त्यांनी विचारलं नाही. त्या प्रत्येक गोष्टीत म्हणजे किती, म्हणजे कधी विचारणाऱ्या, आणि हे विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही, कारण पाचवीला जागतात हे कोणाला सांगावं लागतं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. वही माझ्याकडे होती. त्या रात्रीच्या चौकटी मी कोऱ्या सोडल्या. पाचवीला कोण चौकटी भरतं?

बाकीच्या बायका पहाटे पेंगल्या. अश्विनी नाही. सगळ्यात जास्त गाणी तिने म्हटली, त्यातली दोन मी कधी ऐकली नव्हती. शेजारची भागी म्हणाली, "पोरीचा गळा गोड हाय गो. एवढे दिवस लपवला होतास काय?" मलाही बरं वाटलं.

सकाळी तिने अंगण झाडलं, न्हाणी धुतली, मला म्हणाली आई, तुम्ही बसा, मी भाकऱ्या करते. पाच दिवसांची बाळंतीण. तोंडावर तेज आलेलं. मी कातळावर जाऊन फोन लावला. मॅडमकडे समोर कोणीतरी रडत होतं, ते मला ऐकू येत होतं.

"मॅडम, आज लय हुशारी आलीय तिला."

"अरे वा. छान. उद्या बोलू या," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

माणूस आजारातून उठला, अंगात जोर आला की आम्ही हुशारी आली म्हणतो. त्याही तसंच म्हणतात. शब्द दोघींचा एकच होता, म्हणून दोघी फसलो. घरी आले तेव्हा ती घासलेली भांडी परत घासत होती. फडताळाचं दार माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ते उघडलं नाही. आदली रात्र जागल्याने त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले. पोराला तिनेच घेतलं. ती झोपली नसणार. सकाळी कडी उघडी.

आता कातळावर.

"खूप म्हणजे किती?" मॅडमनी विचारलं.

अश्विनी थांबली. डोळे वर केले. "खूप म्हणजे... तोंड उघडून."

"दूध कधी प्यायला?"

"पहाटे. नाय, रात्री. नाय..."

"आठव. सावकाश. उभ्याने आठवत नाही तुला. आपण चटईवर बसतो तशी बस."

ती टोकाशीच खाली बसली. एक पाय कड्याच्या बाहेर गेला. माझ्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला असेल, कारण मॅडम म्हणाल्या, "मावशी आहेत का तिथे?"

"हायत मागे. घाबरल्यात," अश्विनी हसत म्हणाली.

"त्यांना मागे बसव. पाठ दुखेल तुझी."

हे त्यांनी अगदी मंगळवारच्या आवाजात म्हटलं. अश्विनीने मान न वळवता सांगितलं, "आई, या बसा."

मी चालत गेले नाही. खाली बसले आणि ढुंगणावर सरकत गेले, तळहात सोलले. तिच्या मागे पोचले, पाय पसरले. ती रेलली. चार महिन्यांची सवय होती, रेलली. तिचं अंग तव्यासारखं तापलेलं. मी तिच्या काखेखालून दोन्ही हात पुढे घातले आणि पोराच्या खाली माझे पंजे गुंफले.

"बसल्या का?" फोन म्हणाला.

"बसले," मी म्हटलं.

"मावशी, आता तिघंही मागे सरका. अश्विनी, तू सांगत राहा. अंगाई कुठली म्हटलीस काल?"

ती गायला लागली. मी टाचा रोवून एकेक वीत मागे सरकले. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मॅडमनी मधे एकदाही आवाज चढवला नाही. कातळ संपून गवत लागलं तेव्हा भागीचा नवरा आला, त्याने पोर उचललं. अश्विनी तेव्हा ओरडली. तिचं ते ओरडणं अजून माझ्या कानात आहे.

अश्विनीला घेऊन आमची जीप उतरत होती तेव्हा घाटाच्या मध्यावर खालून एक रिक्षा येताना दिसली. आत मॅडम, पदराला उलटीचे डाग, हातात लिंबू. डॉक्टरांना फोन करून निघाल्या होत्या. आमच्या जीपमध्ये चढल्या, अश्विनीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काल मी विचारलं नाही. हुशारी म्हणजे किती, ते विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, "मी पण चौकटी भरल्या नव्हत्या."



ती वीस दिवस दवाखान्यात होती. चढलेली उतरली आणि मग फारच खाली गेली. पोराला हात लावीना. "या हातांनी मी त्याला कुठे नेलं होतं, मॅडम?" एवढंच बोलायची. ती सुटल्यावरही आम्ही महाडला बहिणीकडेच राहिलो, पोर वरच्या दुधावर. मॅडम रोज संध्याकाळी पाचला यायच्या. मी म्हटलं, जबरदस्तीने देऊ या तिच्या मांडीवर, आपोआप माया येईल. मॅडमनी मला गप्प केलं. तेलाची वाटी अश्विनीपुढे ठेवली. "आज फक्त डावा पाय. मालिश कर आणि सोड. उजवा उद्या."

ती पायाकडे बघत बसली. मग एक बोट तेलात बुडवलं. एका तळव्याला तिने अर्धा तास लावला. दुसऱ्या दिवशी उजवा. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या आज काही नको, तर अश्विनी म्हणाली, "त्याचे हात राहिलेत ना." मॅडम चहा प्यायल्या. त्या दिवशी तो गरम होता की गार, मी विचारलं नाही.

चार वर्षांनी परत दिवस गेले. कोणालाच आनंद झाला नाही. परत मंगळवार, परत वही, परत मी तक्क्या. मुलगी झाली. या वेळी पंधरा दिवस महाडला राहा म्हटलं असतं तर मी राहिले असते. पण या वेळी मॅडमच म्हणाल्या, "नाही, पाचवी घरची होऊ दे. मी येते."

आल्या, दोनदा उलटी करून. आठ वाजता अश्विनीला गोळी दिली, आतल्या खोलीत निजवलं आणि दाराबाहेर पाट टाकून स्वतः बसल्या. मुलगी माझ्या मांडीवर. भागी चिडली. "आईची जाग लागते, बाई. सटवाई आईला बघते."

"आईचं तिने मागच्या वेळी बघितलं," मॅडम म्हणाल्या. "या वेळी आजीचं बघू दे. आणि गाणी हळू म्हणा. लिहिणाऱ्या बाईला गोंगाटात चुका होतात."

बायका हसल्या. भागीसुद्धा. गाणी पुटपुटल्यासारखी म्हटली. आतून अश्विनीचं घोरणं ऐकू येत होतं. मॅडम तासातासाला चष्मा लावून वहीत एक चौकट काळी करत होत्या. उजाडलं तेव्हा नऊ झाल्या होत्या. त्यांनी त्या बोटाने दोनदा मोजल्या.

पुढच्या वर्षी डोळे अधू झाले म्हणून त्या लेकीकडे पुण्याला गेल्या, खोली बंद झाली. आमच्या गावात मी त्यांना शेवटचं बघितलं ते पाचवीच्या सकाळी. सकाळच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या, लिंबू नाकाशी धरलं. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि अंगणाचं वळण ओलांडायच्या आत त्यांची मान काचेला टेकली. तोंड उघडं, लिंबू मांडीवर पडलेलं. घाटाला भिणारी बाई झोपली होती.

त्या दिवशी कातळावर आम्ही तिघं होतो. अश्विनी जगली. पोरगा जगला, आता शाळेत जातो. मी पण आहे.